तुळशीला कात्री लावावी का?

आमच्या ग्वाल्हेरची थंडी तुळशीला सोसत नाही. जानेवारीत पानं गळतात आणि फेब्रुवारी संपता संपता कुंडीत उरतात त्या उंच, काडीसारख्या फांद्या. शेंड्याला चार पानं आणि वाळक्या मंजिऱ्या. यंदा मी कात्री आणली, तर आजी म्हणाली, "तुळशीला कात्री? आज तर एकादशी." दुसऱ्या दिवशी द्वादशी, मग रविवार!

मागच्या वर्षी असंच राहू दिलं आणि रोप चैत्रात गेलं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : तुळस जपायची तर ती छाटायला हवी.

मंजिरीत बी धरलं की रोपाची ताकद तिकडे जाते, पानं बारीक येतात. उलट शेंडा खुडला की खालच्या पेरातून दोन फुटवे निघतात. आधी नखाने साल जराशी खरवडून बघा. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे. मंजिऱ्या आणि वाळकं काढा. हिरव्या फांद्या पेराच्या किंचित वर, साधारण एक तृतीयांश कापा, पण थोडी पानं राहू द्या. माती हलकेच उकरून मूठभर शेणखत घाला. वरची माती सुकली की मगच पाणी द्या.

शेवटी आजीनेच तोड काढली. सोमवारी आंघोळ करून, तुळशीला नमस्कार करून मी फांद्या कापल्या. पंधरवड्यात पेरांवर हिरवे ठिपके दिसले. ते आधी आजीलाच दिसले. मला हाक मारून तिने दाखवले.