ओडिसियसची आई

ट्रोजन हॉर्स म्हटलं की आपल्याला हॉस्टेलमधले पेन ड्राइव्ह आणि अँटिव्हायरसच आठवतात. पण मूळचा लाकडी घोडा ज्याच्या डोक्यातून निघाला, तो इथाकाचा राजा ओडिसियस. शाळेच्या इंग्लिश रीडरमध्ये त्याची गोष्ट होती. एकडोळ्या राक्षसाला फसवणारा हुशार हिरो! तेव्हा तो जाम आवडायचा. यंदा सुट्टीत होमरचं 'ओडिसी' पूर्ण वाचलं, आणि मत बदललं.

दहा वर्षं ट्रॉयचं युद्ध, मग घरी पोचायला आणखी दहा. त्यातली सात कॅलिप्सोच्या बेटावर. तिने अडकवूनच ठेवलं होतं, मान्य. समुद्रदेव पोसायडन मागे लागला होता, तेही मान्य. पण का लागला? त्या राक्षसाला, म्हणजे पोसायडनच्याच मुलाला, आंधळं करून सुटल्यावर साहेबांना जहाजावरून स्वतःचं नाव ओरडून सांगायचा मोह आवरला नाही! पुढे सर्सीच्या महालात खाण्यापिण्यात अख्खं वर्ष गेलं. 'आता तरी घर आठव', हे शेवटी सोबत्यांनी सांगितलं.

तिथून तो मृतांच्या लोकात गेला, आणि समोर कोण? आई, अँटिक्लिया! निघताना तिला जिवंत सोडून आला होता. 'कशाने गेलीस? आजाराने?' ती म्हणते, आजार नाही रे, तुझी ओढच मला घेऊन गेली. तो तीनदा मिठी मारायला जातो, तीनदा ती सावलीसारखी हातातून निसटते.

शेवटी हिरो घरी पोचतो. एका कफनाचं कापड दिवसा विणून रात्री उसवत तीन वर्षं लग्नेच्छूंना थोपवणारी पेनेलोपी भेटते. तान्हा सोडलेला टेलेमेकस आता विशीचा, म्हणजे आपल्याच वयाचा. फाटक्या कपड्यांत मळ्यात राबणारा म्हातारा बाप लेर्टीसही भेटतो. राज्यसुद्धा परत मिळतं. आई तेवढी मिळत नाही.

म्हणून मला वाटतं, या गोष्टीतले खरे हिरो घरी थांबलेले लोक आहेत. भटकणाऱ्यावर महाकाव्य होतं, वाट बघणाऱ्यांच्या वाट्याला चार ओळी येतात.

'सबमिशन झालं की येतो', 'पीएलमध्ये नक्की', हे आपण सगळेच फोनवर म्हणतो. मित्रांनो, आपल्या वाटेत ना पोसायडन, ना राक्षस. फक्त रात्रीची एसटी आहे, आणि तिचं रिझर्वेशन मिळतं!