रेघांची दाटी म्हणजे गुन्हा नव्हे

ऑगस्ट २०२३मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या ‘कॅग’च्या अहवालातील एक आकडा गाजला. आयुष्मान भारत योजनेचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले होते आणि त्या क्रमांकातले दहाही आकडे ९ होते. मोबाइल क्रमांकावर पात्रता ठरत नाही, असा खुलासा केंद्राने केला. संशय रास्त होता, पण तेवढ्याने गैरव्यवहार सिद्ध होत नव्हता. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आता संशयास्पद दावे हुडकायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली जाते.

हे काम कसे चालते? कागदावर डावीकडे रुग्णांची नावे लिहा, उजवीकडे रुग्णालयांची. दावा आला की त्या दोघांना जोडणारी रेघ ओढा. एरवी रेघा विरळ असतात. बनावट दाव्यांत मात्र ठरावीक कार्डे ठरावीक ठिकाणी पुन्हा पुन्हा वापरली जातात आणि तिथे रेघांची दाटी होते.

ही दाटी शोधायला प्रत्येक गट तपासणे अशक्य. अवघ्या ५० नावांतून एक हजार लाख कोटींहून जास्त गट पडतात. त्यावर सोपी युक्ती आहे. दोन्ही बाजूंत मिळून सर्वांत कमी रेघा असलेले नाव खोडायचे, उरलेल्या रेघा मोजायच्या, पुन्हा खोडायचे. ज्या टप्प्यावर दर नावामागे सर्वाधिक रेघा उरतात, तो आपला गट. असा गट सर्वांत दाट गटाच्या निम्म्यापेक्षा कमी दाट कधीच नसतो, हे मोझेस चारिकर यांनी २०००मध्ये सिद्ध केले.

अडचण पुढे आहे. मिरजेत १८९४मध्ये वॉनलेस रुग्णालय सुरू झाले. जत, आटपाडीचे रुग्ण मिरजेकडे जाणारच. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६मध्ये मांडलेल्या ‘फ्रॉडार’ पद्धतीत अशा गर्दीच्या ठिकाणी जाणाऱ्या रेघेचे वजन कमी धरतात. पण माण-खटावच्या डायलिसिस रुग्णाचे काय? आठवड्याला दोन-तीन वेळा म्हणजे वर्षाला शंभर ते दीडशे वेळा तो त्याच केंद्रात जातो. त्याच्या शेजारच्या खाटांवरचे रुग्णही तेच. कागदावर हे चित्र हुबेहूब लबाडीसारखे दिसते. प्रत्यक्षात ती गरज असते आणि जवळ दुसरे केंद्र नसते.

अशा केंद्राचे पैसे संशयावरून अडकले आणि त्याने रुग्ण घेणे थांबवले, तर परिणाम आठवड्यात दिसतात. फुप्फुसांत पाणी साठते, रक्तातले पोटॅशियम वाढते, हृदय बंद पडू शकते.

म्हणून यंत्राने बोट दाखवावे, निकाल देऊ नये. डायलिसिससारख्या उपचारांत आधी डॉक्टरने केसपेपर, रक्ताचे अहवाल आणि प्रत्यक्ष रुग्ण पाहावा, मगच दावा रोखावा. योजनेचा पैसा लुटणाऱ्याला पकडलेच पाहिजे. पण त्या धरपकडीत एखाद्या रुग्णाचा डायलिसिस चुकला, तर तो चुकलेला दिवस परत देता येत नाही.