बुडणे आणि वर येणे

पाणबुडी हा शब्द मोठा नामी आहे. त्यात बुडणे आहे, पण पुन्हा वर येणे नाही. तळ्यातली टिबुकली बुडी मारते ती वर येण्यासाठीच. माणसाने बांधलेल्या पाणबुडीचे मात्र तसे खात्रीने सांगता येत नाही.

वाचक म्हणतील, देगलूरच्या मराठीच्या प्राध्यापकाला ही उठाठेव कशाला? समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर. पण आमच्या गल्लीतील एका मावशींचा मुलगा नौदलात लागला, पाणबुडीसाठी निवडला गेला, आणि मावशींनी मला विचारले, "सर, ते यंत्र खालीच बिघडलं, तर आतली लेकरं वर कशी येतात हो?" मी पुस्तके चाळू लागलो, आणि त्यांत मला एक छोटी जर्मन पाणबुडी भेटली.

तिचे नाव यू-२३६५. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीने किनाऱ्यालगतच्या लढाईसाठी ज्या चिमुकल्या पाणबुड्या बांधल्या, त्यांतली ही एक. लांबी सुमारे ३५ मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन एस. टी. गाड्यांएवढी. आत जेमतेम पंधरा-सोळा माणसे, आणि पाणतीर फक्त दोन! ते सुटले की परत फिरायचे. तिच्याच जातीच्या यू-२३३६ ने ७ मे १९४५ च्या रात्री स्कॉटलंडजवळ दोन मालवाहू जहाजे बुडविली. शरणागतीच्या करारावर त्याच दिवशी पहाटे सह्या झाल्या होत्या! यू-२३६५ च्या खाती मात्र असे एकही जहाज नाही. त्याच आठवड्यात तिच्याच माणसांनी तिला समुद्रात बुडवून टाकले.

अकरा वर्षे ती तळाशी होती. १९५६ साली तिला वर काढले, दुरुस्त केले, आणि १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या नव्या नौदलात ती 'हाय' या नावाने दाखल झाली. जर्मन भाषेत हाय म्हणजे शार्क, आपल्या कोकणातली मुशी. मराठी कानाला मात्र त्या नावात सुस्काराच ऐकू येतो. १४ सप्टेंबर १९६६ रोजी उत्तर समुद्रातील वादळात तिच्यात पाणी शिरले आणि ती बुडाली. वीस माणसांपैकी एकच वाचला. युद्धात जिने कुणाचा जीव घेतला नाही, तिने शांततेच्या काळात आपलीच एकोणीस माणसे नेली.

आता मुंबईकडे येऊ. युद्धात पाणबुडीवर अभियंता-अधिकारी असलेल्या उलरिख गाबलर यांनी पुढे ल्यूबेक येथे आराखड्यांची कचेरी काढली. भारताने १९८१ साली जर्मनीशी चार पाणबुड्यांचा करार केला, त्यांचा आराखडा याच कचेरीचा. 'शिशुमार' आणि 'शंकुश' कील येथे बांधल्या गेल्या. 'शल्की' आणि 'शंकुल' मुंबईच्या माझगाव गोदीत. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात आलेली 'शल्की' ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. या चौघींच्या पोटात एक पोलादी गोल आहे. संकट आले की सुमारे चाळीस जणांनी, म्हणजे सगळ्यांनीच, त्यात शिरायचे, झाकण लावायचे आणि तो सोडून द्यायचा. पाण्यात दाबून धरलेली घागर सोडताच वर उसळते, तसा तो वर येतो.

मावशींना मी हे सांगितले. शिवाय हेही सांगितले, की बुडालेल्या पाणबुडीपर्यंत उतरून माणसे सोडवून आणणारे खास वाहन डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाले आहे. मात्र १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्याच गोदीत 'सिंधुरक्षक' या रशियन बनावटीच्या पाणबुडीत स्फोट झाले आणि अठरा जण गेले, ही गोष्ट त्यांच्यापासून लपविली नाही. सैनिकाच्या आईला अर्धे सत्य सांगू नये. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे बांधणाऱ्यानं आमच्या लेकरांचा विचार तरी केला म्हणायचा."

युद्धनौकेची थोरवी तिने किती जहाजे बुडविली यावर मोजण्याची रीत आहे. त्या हिशेबात यू-२३६५ च्या नावापुढे शून्य आहे. मला वाटते, त्याच वहीत आणखी एक रकाना आखावा: किती जण घरी परतले? 'शल्की'च्या पोटातला तो गोल या रकान्यासाठीच आहे. तो वापरण्याची वेळ कधीही न येवो.