कागद कुठे आहे, एवढे सांगून ठेवा

ज्यांची मुले परदेशात स्थायिक झाली आहेत अशा महाराष्ट्रातल्या आई-वडिलांना आणि त्या मुलांनाही हे आवाहन आहे. मृत्युपत्र करा, विमा उतरवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. माझे मागणे त्याच्या पुढचे आहे. केलेले मृत्युपत्र कुठे ठेवले आहे आणि विमा कोणत्या कंपनीत आहे, हे आपल्या हयातीत निदान दोन माणसांना सांगा. त्यांतले एक माणूस इथले असू द्या, एक परदेशातले. मागणी छोटी वाटेल. पण आपल्याकडच्या कायद्याची आणि विम्याच्या व्यवहाराची घडणच अशी आहे की एवढे सांगायचे राहिले, तर बाकी सगळे नीट करूनही वारसाच्या हाती काही लागेलच असे नाही.

आधी मृत्युपत्राचे पाहू. 1908 च्या नोंदणी कायद्याने मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक ठेवली आहे. साध्या कागदावर लिहावे, सही करावी, दोन साक्षीदारांनी साक्ष घालावी. मुद्रांकही लागत नाही. ही सोय मोलाची आहे, कारण तिच्यामुळे कोणालाही खर्चाविना मृत्युपत्र करता येते. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की असंख्य मृत्युपत्रांचा सरकारदरबारी मागमूसही नसतो. ती कपाटातल्या कापडी पिशवीत, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा वकिलांच्या फायलीत पडून असतात. नोंदणी केली असेल तर स्थिती बरी. दस्ताची नक्कल निबंधक कार्यालयातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात उतरते, त्या पुस्तकाची नावांची सूची ठेवलेली असते आणि मृत्युपत्र करणारा गेल्यावर कोणीही अर्ज करून नक्कल मागू शकतो. मात्र शोध त्या कार्यालयातला अधिकारीच घेतो. आणि त्याआधी कोणत्या कार्यालयाची पायरी चढायची हे ठाऊक हवे. मृत्युपत्र राहत्या ठिकाणीच नोंदवले पाहिजे असे बंधन नाही. डोंबिवलीत राहणाऱ्या गृहस्थांनी मे महिन्यात रत्नागिरीला गेले असताना तिथे ते नोंदवून टाकले असेल, तर मेलबर्नमधल्या मुलीने रत्नागिरीचे नाव कुठून काढायचे? जमिनीच्या दस्तांसाठी नोंदणी विभागाची ऑनलाइन ई-सर्च सोय आहे, म्हणून मृत्युपत्रही तिथे दिसेल असे अनेकांना वाटते. तिथे मिळकतींच्या दस्तांची सूची असते. मृत्युपत्रांची सूची वेगळी आणि ती पडद्यावर उघडत नाही. जर्मनीत 2012 पासून नोटरीकडे केलेल्या मृत्युपत्रांची मध्यवर्ती नोंदवही आहे आणि मृत्यूची नोंद झाली की ती तपासली जाते. आपल्याकडे ते काम जिवंत माणसाच्या आठवणीवर सोडलेले आहे.

विम्याचे दुखणे याहून खोल आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. विमेदार गेल्याचे कंपनीला आपोआप कळत नाही. हप्ता यायचा थांबतो, एवढेच तिला दिसते. आणि हप्ता थांबण्याचे कारण मृत्यू असेल तसे पैशांची चणचणही असू शकते. पॉलिसी बंद पडल्याची नोंद होते, जुन्या पत्त्यावर एक-दोन पत्रे जातात आणि कुलूपबंद फ्लॅटच्या दाराखाली सरकवली जातात. मृत्यूच्या दिवशी पॉलिसी चालू होती, म्हणजे पूर्ण रक्कम देय होती, हे कोणीतरी जाऊन सांगेपर्यंत त्या रकमेचा प्रश्नच उपस्थित होत नाही. विमा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दावा न केलेल्या रकमा शोधण्याची सोय असते. नाव, जन्मतारीख, पॅन असे तपशील घालून ती वापरावी, जरूर वापरावी. पण त्या यादीत येते ती कंपनीला देणे आहे असे माहीत असलेली रक्कम. मृत्यूच कळवलेला नसेल तर पॉलिसीची मुदत संपेपर्यंत ते नाव त्या यादीत येण्याचे कारण नाही. म्हणून यादीत नाव सापडले नाही याचा अर्थ विमा नव्हता, असा काढू नये. दहा वर्षांहून अधिक काळ दाव्याविना राहिलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होते. त्यानंतरही 25 वर्षे हक्क सांगता येतो, मग मात्र ती सरकारजमा होते. उशीर झालेल्यांनीही धीर सोडू नये. केवळ उशिरा आला म्हणून दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाने सप्टेंबर 2011 मध्येच कंपन्यांना बजावले आहे.

शिवाय विमा म्हणजे फक्त एजंटकडून घेतलेली पॉलिसी नव्हे. बँक खात्यातून दरवर्षी 436 रुपये वळते होत असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना आहे आणि तिचे संरक्षण दोन लाखांचे आहे. 20 रुपये वळते होत असतील तर तो अपघात विमा. नोकरीत असताना गेलेल्या भविष्य निर्वाह निधीच्या सभासदामागे 1976 पासूनच्या ठेवसंलग्न विमा योजनेतून सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, आणि तिच्यासाठी सभासदाने एक पैसाही भरलेला नसतो, म्हणून घरात ती कोणाला माहीत नसते. डाक जीवन विमा 1884 पासूनचा आहे. सरकारी नोकरीतल्या कित्येकांनी तो घेतलेला असतो. गृहकर्जासोबत काढलेला विमाही असाच विसरला जातो आणि वारस कर्जाचे हप्ते भरत राहतात. ज्यांच्या घरी शोध घ्यायची वेळ आधीच आली आहे, त्यांनी आधी कपाट उपसण्यापेक्षा मागच्या काही वर्षांचे बँक खातेउतारे आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे काढावीत. हप्ता जिथून गेला, तिथे कंपनीचे नाव उमटलेले असते.

हे सगळे पुण्यात राहणाऱ्या मुलाला जड जाते. डॅलस किंवा लंडनमधून तर ते दुपटीने जड होते. रजा दोन-तीन आठवड्यांची, त्यातले पहिले तेरा दिवस घरच्यांना सावरण्यात आणि विधींत जातात. परत गेल्यावर इथल्या कामासाठी कुलमुखत्यारपत्र करायचे तर ते वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपॉस्टिल करून पाठवावे लागते आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्यार मिळाला तरी त्याने कुठे जायचे हे कोणी सांगायचे? कार्यालयातला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पॉलिसी क्रमांकाचा किंवा दस्त क्रमांकाचा. तो क्रमांक असेल तर कामाला दिशा लागते; नसेल तर पुढची भेट, पुढचे पत्र, पुढची रजा.

उलट दिशेनेही हे तितकेच खरे आहे. न्यू जर्सीत नोकरी करणारा तरुण अकाली गेला, तर सांगलीतल्या आई-वडिलांनी काय करायचे? अमेरिकेतल्या विमा नियामकांच्या संघटनेने 2016 पासून पॉलिसी शोधण्याची विनामूल्य सेवा ठेवली आहे. नाव, जन्म व मृत्यूची तारीख, सोशल सिक्युरिटी क्रमांक दिला की सहभागी कंपन्या आपापल्या नोंदी तपासतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रोबेट मिळालेली मृत्युपत्रे 1858 पासून सार्वजनिक नोंदीत आहेत. पण या सेवा आहेत हे सांगलीत कोण सांगणार, आणि मुलाचा तो नऊ अंकी क्रमांक आई-वडिलांना कुठून मिळणार? म्हणून परदेशस्थ मुलांनी आपल्या पालकांकडून कागद मागताना आपलाही कागद त्यांच्या हाती द्यावा.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी मनापासून समजू शकतो. पहिला आक्षेप असा की मृत्युपत्रातला मजकूर कळला तर भावंडांत तेढ येईल. खरे आहे, येऊ शकते. पण मी मजकूर सांगा असे म्हणतच नाही. मृत्युपत्र आहे आणि अमुक ठिकाणी आहे, इतकेच सांगायचे. ज्यांना तेही धोक्याचे वाटते, कागद कोणी नाहीसा करील अशी भीती वाटते, त्यांच्यासाठी नोंदणी कायद्यातच एक सोय आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते: मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात घालून जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून देता येते. हयातीत ते परत मागता येते. मृत्यूनंतर कोणीही अर्ज केला की निबंधक ते अर्जदारासमक्ष उघडतात, नक्कल पुस्तकात उतरवतात आणि मूळ कागद आपल्याकडेच ठेवतात. मुलांना फक्त जिल्ह्याचे नाव माहीत असले की झाले.

दुसरा आक्षेप: आम्ही नॉमिनी लावलेला आहे. चांगले केलेत, पण नॉमिनीला ते माहीत आहे का? शिवाय नॉमिनी म्हणजे मालक, हे सर्वत्र खरे नाही. 2015 च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले नॉमिनी असतील तर ती रकमेची हक्कदार ठरतात. पण शेअर्सच्या बाबतीत नॉमिनेशनमुळे वारसाहक्क बाजूला पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे नॉमिनी असला तरी मृत्युपत्राची गरज उरतेच. तिसरा आक्षेप फसवणुकीच्या भीतीचा, आणि आजच्या काळात तो सर्वांत वजनदार आहे. त्यासाठी पासवर्ड, ओटीपी, पिन यांतले काहीही लिहू नका. कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक, शाखा आणि नॉमिनी एवढ्या माहितीवर कोणाला परस्पर पैसे काढता येत नाहीत. ज्यांना कागद नकोच, त्यांनी विमा रिपॉझिटरीत ई-विमा खाते उघडून पॉलिसी एकत्र कराव्यात. आपल्या पश्चात त्या खात्याची माहिती मिळू शकेल असा अधिकृत प्रतिनिधी तिथे नेमता येतो. आणि मरणाची भाषा घरात नको, असे ज्यांना वाटते त्यांना एवढेच विनवतो की हे बोलणे मरणाविषयी नाही, मागे राहणाऱ्यांच्या पुढच्या वर्षाविषयी आहे.

कागद एका पानाचा पुरतो. मृत्युपत्राची तारीख, ते कुठे आहे, नोंदले असल्यास कार्यालय आणि दस्त क्रमांक, दोन्ही साक्षीदारांची नावे व पत्ते (साक्षीदार आपल्यापेक्षा लहान वयाचे असावेत, कारण पुढे त्यांतल्या एकाची साक्ष लागू शकते), प्रत्येक पॉलिसीचा क्रमांक, बँका, लॉकर, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक. नवे मृत्युपत्र केले की जुन्या कागदावरची नोंद बदला. शेवटचे मृत्युपत्रच चालते, मग आधीचे नोंदणीकृत का असेना.

ज्येष्ठ नागरिक संघांना आणि उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळापासून लंडनच्या महाराष्ट्र मंडळापर्यंतच्या संस्थांना विनंती आहे की या वर्षीच्या गणेशोत्सवात एक टेबल यासाठी मांडा, कोरा तक्ता छापून वाटा आणि भरायला बसलेल्यांना मदत करा. राज्याच्या नोंदणी विभागाकडे मागणी आहे की मृत्यू दाखला सादर करणाऱ्या वारसाला एकाच अर्जावर राज्यभरातल्या सगळ्या कार्यालयांची मृत्युपत्रांची सूची तपासून मिळावी. सूची कायद्याने आधीच ठेवली जाते; ती जोडायची आहे. बँकांतल्या बेवारस ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये ‘उद्गम’ संकेतस्थळ सुरू केले. विम्यासाठी त्याहून एक पाऊल पुढे जावे लागेल: मृत्यू दाखल्यावरून सर्व कंपन्यांत चालू आणि बंद पडलेल्या पॉलिसींचाही शोध व्हावा. या मागण्यांची निवेदने मंडळांनी आणि संघांनी आपापल्या लेटरहेडवर पाठवावीत. तोवर, येत्या रविवारी मुलांचा व्हिडिओ कॉल येईल तेव्हा तो एक पानाचा कागद समोर घेऊन बसा, आणि तो कुठे ठेवला आहे ते त्यांना दाखवा.