खोक्यावरचे शेवटचे अक्षर

लेकीने अकरावीला आयटी विषय घेतला आणि घरात कॉम्प्युटर येणार हे ठरले. तयार मशीन परवडेना. भिशीचे 30 हजार नुकतेच हातात आले होते. सुटे भाग आणून घरीच जोडू, असे आम्ही बापलेकीने ठरवले.

कोपरहून धिमी लोकल, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारले तर लोक बुचकळ्यात पडतात.) दुकानात इंटेलचे दोन प्रोसेसर समोर आले, आय-3 12100 आणि 12100एफ. एफवाला स्वस्त. आम्ही तोच घेतला आणि वाचलेल्या पैशांत लेकीला चांगला कीबोर्ड.

इशाची नमाज झाल्यावर जोडणी केली. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. तीन रात्री आम्ही रॅम काढत होतो, पुसत होतो, पुन्हा बसवत होतो. "अब्बू, माझ्या हातून काही बिघडलं का?" लेकीने विचारले, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. चौथ्या दिवशी शेजारच्या मुलाने खोके फिरवून पाहिले. "सर, हा एफ आहे. यात चित्र दाखवणारा भागच नसतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं."

उघडलेले खोके दुकानदाराने परत घेतले नाही. त्याला तरी काय म्हणणार, आम्ही विचारलेच नव्हते. शेवटी जुने जीटी 710 कार्ड शोधून आणले. त्याचे पैसे लेकीने आपल्या ईदीतून काढून दिले. आम्ही ते घेतले, हे अजून टोचते.

तेव्हापासून नात्यातले लोक आम्हाला विचारून खरेदी करतात! आम्ही सांगतो, प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकाच वेळी निवडा. इंटेलच्या 12, 13, 14 व्या पिढीचे नेहमीचे प्रोसेसर एलजीए 1700 सॉकेटवर बसतात. 10 आणि 11 वी पिढी 1200 वर. एएमडीत एएम4 आणि एएम5 वेगळे. एएम4 मध्ये खूण इंटेलच्या उलट: रायझन 5600जी मध्ये जी आहे म्हणून पडदा उजळतो, नुसत्या 5600 ला कार्ड हवे. सॉकेट जुळले तरी बोर्डाचे बायोस विचारावे. जुन्या साठ्यातला बी450 बोर्ड 5000 मालिकेला बायोस अद्ययावत केल्याशिवाय ओळखतच नाही. दुकानातूनच ते करून घ्यावे.

रॅमचीही तीच कथा. एच610 बोर्ड डीडीआर4 चा मिळतो, डीडीआर5 चाही. दोन्ही रॅमची खाच निराळ्या जागी असते, जोर लावून बसत नाही. वेगळे कार्ड नसेल तर 16 जीबीच्या एका पट्टीपेक्षा 8-8 च्या दोन बऱ्या, कारण चित्राचे कामही त्याच रॅमवर चालते. कॅबिनेट साधे चालेल. त्याच्यासोबत फुकट येणारा पॉवर सप्लाय मात्र नको; नावाजलेल्या कंपनीचा, वॉरंटीवाला घ्यावा. तो जळताना बोर्डालाही सोबत नेऊ शकतो.

गेल्या आठवड्यात दिव्याच्या मेहुण्याने त्याची यादी पाठवली. लेकीने ती आमच्याआधी वाचली, प्रोसेसरच्या नावाखाली लाल रेघ मारली आणि परत पाठवली. शेवटचे अक्षर एफ होते.