चीन पाहायचा तर भाताच्या खाचरात

चीनच्या सहलीतला चंगदूचा दिवस बहुधा ठरलेला असतो. सकाळी लवकर पांडा प्रजनन केंद्र, कारण ऊन तापले की पांडे आडोशाला जातात, दुपारी चहाघर, रात्री सिचुआन ऑपेरातला नट, जो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मुखवटा बदलतो. या दिवसाला नावे ठेवण्याचे कारण नाही. जंगलातून सोडवून आणलेल्या सहा पांडांवर 1987 साली उभे राहिलेले ते केंद्र मोलाचे काम करते. आक्षेप आहे तो आखणीमागच्या समजुतीला: वन्यजीव कुंपणाआड पाहायचे, संस्कृती रंगमंचावर, आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. शेन्सी प्रांतातल्या यांगश्यान तालुक्यात ही समजूत शेताच्या बांधावर उभे राहून तपासता येते. प्रवाशाच्या हाती एकच दिवस असेल तर तो तिथे घालवावा, असे माझे मत आहे.

तिथे पाहायचा तो क्रेस्टेड आयबिस, आपल्याकडच्या शराटीचा भाऊबंद. पांढरे अंग, लालभडक चेहरा, लांब वाकडी काळी चोच, आणि पंख उघडले की आतून फिकट केशरी-गुलाबी झाक. विणीच्या हंगामात मानेच्या कातडीतून झरणारा काळपट स्राव तो स्वतःच पिसांना चोळतो आणि राखी दिसू लागतो. कधीकाळी चीन, जपान, कोरिया आणि रशियाच्या पूर्व टोकापर्यंत आढळणारा हा पक्षी शिकार, कीटकनाशके आणि उंच झाडांची तोड यांपायी संपत आला. जपानने जानेवारी 1981 मध्ये सादो बेटावरचे आपले शेवटचे पाच रानपक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवले. त्याच वर्षी मे महिन्यात, तीन वर्षांच्या शोधानंतर, प्राणिशास्त्रज्ञ ल्यू यिनत्संग यांना यांगश्यानच्या डोंगरात सात पक्षी सापडले: चार मोठे, तीन पिल्ले. पिल्लू पडले तर झेलायला घरट्याखाली जाळी बांधली गेली, साप वर चढू नयेत म्हणून बुंध्याला पाती ठोकली गेली. चाळीस वर्षांत जगभरातली संख्या सात हजारांवर गेली.

पण जाळी आणि पाती हा या कामाचा लहानसा भाग. हा पक्षी उथळ पाण्यातला चिखल चोचीने चाचपत मासोळ्या, बेडूक, गोगलगायी खातो. डोंगरातल्या शेतकऱ्यांची जुनी रीत अशी, की भात कापल्यावर काही खाचरांत पाणी तसेच उभे ठेवायचे आणि पुढच्या लावणीला वापरायचे. इतरत्र पाणी काढून गहू पेरला जाऊ लागला आणि पक्ष्याचे हिवाळ्यातले अन्न गेले. जिथे रीत उरली, तिथे तो उरला. याच तालुक्यात लोंगथिंगला त्साय लुनची समाधी आहे. झाडाची साल, चिंध्या, जुनी मासळीची जाळी कुटून कागद करण्याची पद्धत त्याने इ.स. 105 मध्ये हान दरबारापुढे मांडली. ती समाधी पाहावीच. पण हिवाळाभर पाणी धरून ठेवणारे खाचर मला तितकाच मोठा वारसा वाटतो.

कोणी म्हणेल, पक्षी परंपरेने नव्हे, सरकारी हुकमाने वाचला. यात बरेच तथ्य आहे. त्याच्या चरण्याच्या खाचरांत रासायनिक खते आणि कीटकनाशके बंद झाली ती आदेशाने. उत्पन्न घटले शेतकऱ्याचे, आणि पक्ष्यांनी तुडवलेली रोपेही त्याचीच. पण पाणी धरणारी खाचरे आधी नसती तर आदेशाने राखायचे तरी काय? आणि झीज शेतकऱ्याने सोसली म्हणूनच प्रवाशाचा पैसा त्याच्यापर्यंत पोचायला हवा. रसायनाशिवाय पिकवलेला तिथला तांदूळ आज या पक्ष्याच्या नावाने विकला जातो, ही त्याची वाट. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत वावरणारा सारसही शेतकऱ्याच्याच भरवशावर आहे, त्यामुळे हा हिशेब आपल्याला परका नाही.

दुसरा आक्षेप असा, की पांडा वाचवला की त्याच्या जंगलातले सगळेच वाचते. अनेक लहान जिवांबाबत ते खरे आहे. पण बिबटे, लांडगे आणि रानकुत्री पांड्यांच्या बहुतेक अभयारण्यांतून नाहीशी झाल्याचे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. एकाच लाडक्या प्राण्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. गर्दीने आयबिस बिथरेल, ही भीती मात्र रास्त आहे. त्याला नांगरणाऱ्या माणसाची सवय आहे, फोटोसाठी घरट्याकडे चालत येणाऱ्याची नाही. म्हणून विणीच्या काळात घरट्यांपासून लांब राहावे, रस्त्यावरूनच दुर्बीण लावावी. शिआनचे मातीचे सैनिक पाहिलेल्या प्रवाशाला चंगदूला नेणारी वेगवान रेल्वे डिसेंबर 2017 पासून याच तालुक्यातून जाते. पक्षी गाडीवर आदळू नयेत म्हणून रुळांच्या कडेला उंच जाळ्या लावल्या आहेत. त्यामुळे वाट वाकडी करावी लागत नाही. महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांनी पुढच्या हंगामाच्या पत्रकात यांगश्यानचा एक मुक्काम घालावा, आणि तिथले जेवण त्याच खाचरांतल्या तांदळाचे असेल, हे आधीच ठरवून घ्यावे.