घर आणि शाळा : लेकीने मागितला उसाच्या पाण्याचा हिशेब



एका बहिणीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका असे तिने बजावले आहे, म्हणून छापत नाही. ती लिहिते, "मुलगा सहावीत आहे. परवा शाळेतून आला आणि म्हणाला, आई, मी आता हवामान खात्याचा साहेब झालोय, मला मोबाइल दे. मालक मोबाइल रानात नेतात. रात्री दिला तर पोरगं अकरा वाजेपर्यंत त्यातच. दुसऱ्या दिवशी म्हणतो, डबा दे, पाऊस मोजायचाय. ही शाळा आहे का सोंगाचा खेळ? आमच्या वेळी गुरुजी पाढे म्हणून घेत होते."

बहिणीचा राग अगदीच खोटा नाही. प्रकल्प या नावाखाली काय काय चालते ते आपण सारे पाहतो. बाईंनी 'पर्यावरण' असा एक शब्द फळ्यावर लिहायचा, पोराने तालुक्याच्या गावी जाऊन रंगीत छापील पाने आणायची, बापाने पैसे मोजायचे आणि शेवटी पहिल्या पानावर लाल शेरा पडायचा. त्या पानांत काय आहे हे ना पोराने वाचलेले असते, ना बाईंनी. आता तर तालुक्यालाही जावे लागत नाही. मोबाइलला तोंडी सांगितले तरी तो घटकेत निबंध रचून देतो. तेव्हा असल्या अभ्यासाला कोणी नावे ठेवली तर मी त्याच्याच बाजूने आहे.

पण सोंग म्हणाल, तर सोंगासोंगांत फरक असतो. 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही' असे आपण म्हणतो. पाण्याचेही आणता येत नाही. आमच्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी हे डोळ्यांनी पाहिले, तेच आज सांगतो.

त्याआधी ही कल्पना कुठली, हे दोन शब्दांत. मुलाला भूमिका देऊन शिकवणे हे मोबाइलच्या पुष्कळ आधीचे आहे. इंग्लंडात डोरोथी हीथकोट नावाच्या एक बाई होत्या. जन्म १९२६ चा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्या लोकरीच्या गिरणीत कामाला लागल्या आणि पुढे न्यूकॅसलच्या विद्यापीठात शिक्षकांना शिकवू लागल्या. मुलाच्या खांद्यावर जाणत्याची शाल टाका, मग बघा ते कसे वागते, अशी त्यांची रीत. पुढे १९९५ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या बर्नी डॉज या प्राध्यापकांनी इंटरनेटची जोड असलेली अशीच एक रीत मांडली. एक खरेखुरे काम द्यायचे, मुलांत भूमिका वाटायच्या, माहिती कुठे शोधायची ते आधीच सांगून ठेवायचे आणि शेवटी सर्वांनी एकत्र बसून निर्णय करायचा. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकात क्यूआर कोडच्या चौकटी आणण्याच्या कामामुळे. तेव्हा खेड्यातल्या शाळेला हे झेपणार नाही, असे कोणी म्हणू नये.

आता त्या शाळेची गोष्ट. गाव कमी पावसाचे. लोकवस्ती दीड हजाराच्या आसपास, शिवार आठशे हेक्टरांचे. शाळा सातवीपर्यंत. सातवीच्या बाईंनी जूनमध्येच मुलांना एक प्रश्न दिला, 'यंदा आपल्या गावाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरेल का, आणि नाही पुरले तर कोणी किती सोडायचे?' हे उत्तर कुठल्या पुस्तकात नाही आणि मोबाइललाही ते ठाऊक नाही, कारण आपल्या विहिरीत किती पाणी आहे हे त्याला कोण सांगणार? अभ्यास खरा की खोटा हे ओळखायची ही पहिली खूण, असे मला वाटते.

असा पाण्याचा ताळेबंद मोठी माणसे मांडतातच. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तो दरवर्षी मांडला जातो आणि त्यावर रब्बीत काय पेरायचे ते ठरते. बाईंनी तेच काम मुलांच्या हाती दिले.

वर्गाच्या पाच तुकड्या केल्या. एक पाऊस मोजणारी. दुसरी विहिरी मोजणारी. तिसरी पिकांची बाजू मांडणारी, चौथी जनावरांची, आणि पाचवी पिण्याच्या पाण्याची कारभारीण. भूमिका वाटताना बाईंनी एक खोच ठेवली. ज्याच्या घरी चांगली बागायत, त्याला शेळ्यामेंढ्यांची बाजू दिली. ज्याच्या घरी गुंठाभरही जमीन नाही, त्या पोराला उसाचा बागायतदार केले. आणि ज्या मुलीच्या घरी चार एकर ऊस, तिला पिण्याच्या पाण्याची कारभारीण. आपल्याच घरचे बोलायला भूमिका कशाला लागते? दुसऱ्याच्या जागी उभे राहायचे, त्याला काय लागते ते विचारायचे, मग त्याच्या वतीने भांडायचे. आणखी एक पाहिले. नेहमी मुलांनी मोजमाप करायचे आणि मुलींनी सुबक अक्षरात लिहून काढायचे असे चालते. इथे विहिरींच्या तुकडीची प्रमुख मुलगीच होती.

प्रत्येक तुकडीला पोस्टकार्डाएवढा एक कागद मिळाला. त्यावर चारच ओळी. तू कोण आहेस. तुझे म्हणणे कोण ऐकणार आहे. तुला काय शोधून आणायचे आहे. तुला कोणता निर्णय मागायचा आहे. कारभारणीच्या कागदावर 'ऐकणार कोण' यापुढे लिहिले होते, सरपंच आणि बचत गटाच्या बाया. बाई तपासणार, असे कुठेही नव्हते. त्या एका ओळीने पोरांच्या अंगात बळ आले.

मोबाइलचे म्हणाल, तर वर्गात दोनच होते, एक बाईंचा आणि एक शाळा समितीच्या अध्यक्षांचा. मोबाइल लागेल ते काम शाळेत, आणि विचारायचे, मोजायचे ते घरी, असा नियम. रात्री पोराने मोबाइल घेऊन बसायचा प्रश्नच नाही. बहिणीच्या पत्राला हे अर्धे उत्तर आहे. शाळा घरचा मोबाइल मागत असेल, तर तो कशासाठी आणि किती वेळ हे शिक्षकांना खुशाल विचारा. पुष्कळ वेळा काम पाच मिनिटांचे असते आणि पोर तास मागते.

पाऊसवाल्यांनी सरळ उभ्या कडांचा डबा घेतला. बादलीसारखा वर रुंद, खाली निमुळता चालत नाही, माप चुकते. पहिल्या आठवड्यात त्यांनी तो लिंबाच्या झाडाखाली ठेवला आणि पाऊस कमी भरला म्हणून चिंतेत पडले! मग मोकळ्यात आणला. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजायचे, कारण हवामान खात्याचीही तीच वेळ. बाईंच्या मोबाइलवर हवामान केंद्राची नोंद पाहायची आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडायचे. ते रोज जुळत नसत. तिकडे धो धो आणि इकडे नुसता शिडकावा, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

हिशेब सोपा आहे, घरी करून बघा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावात त्या साली ६०० मिलिमीटर पडला. आठशे हेक्टरांवर झाले ४८० कोटी लिटर. एवढा आकडा पाहून पोरे नाचायलाच लागली, गाव श्रीमंत आहे म्हणून! मग बाईंनी विचारले, यातले वाहून किती गेले, उन्हाने किती उडाले, जमिनीत मुरले किती? विहिरींच्या तुकडीला तेव्हा काम पडले. सोबत मोठे माणूस, कठड्याच्या बाहेर उभे राहून, गाठी मारलेल्या दोराला दगड बांधून मोजायचे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे साधारण २८ हजार लिटर. मागे ४८० कोटींची मिजास आणि पुढे विहिरीतले हे हजारातले पाणी, हा फरक पोरांच्या डोळ्यांपुढे आला.

एका आजींचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले होते. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला होत्या. कामावर सुकडी मिळायची, आणि गावविहिरीत पोराला दोर बांधून खाली सोडायचे, ते वाटीने पाणी भरायचे. "त्या साली ऊस कुणाचाच नव्हता, तरी विहीर आटली," असे त्या म्हणाल्या. उसाच्या तुकडीने हे वाक्य आपल्या बाजूने लगेच उचलले!

ऑक्टोबरात ताळेबंद मांडायची वेळ आली. कारभारणीने माणशी ५५ लिटर धरले, जल जीवन मिशनमध्ये सरकारने तेवढे धरले आहे. दीड हजार माणसांचे वर्षाचे झाले तीन कोटी लिटर. मग तिने उसाचा आकडा घेतला. पाटपाण्यावर उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी लागते असे पुस्तकात दिलेले असते, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. चार एकरांचे तीन कोटींच्या वर गेले. तिने तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिले, 'आमच्या घरचा ऊस सगळ्या गावापेक्षा जास्त पाणी पितो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील शाळेच्या दारात. मी तिथेच होतो.

"बाई, पोरीला बापावर उभी करायला शाळेत घातली का आम्ही?"

बाई गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, तिचा आकडा चुकला असंल तर तुम्ही दुरुस्त करा. पोरांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

"चुकलाच आहे. पावसाचं पाणी तिनं धरलंच नाही. आणि दोन एकर ठिबकवर आहे माझा, तो कुठं गेला?"

माणूस रागात होता, पण खरे बोलत होता. पोरगी मान खाली घालून उभी. बाईंनी तिथल्या तिथे सारा वर्ग त्यांच्या विहिरीवर नेला. दोनशे लिटरचे पिंप पाइपाखाली लावले आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ धरली. चाळीस सेकंदांत भरले. म्हणजे तासाला अठरा हजार लिटर. पाटावरच्या दोन एकरांना एका पाळीला आठ-आठ तासांची चार दिवस वीज लागते, आणि वर्षात अशा वीस पाळ्या, हे वडिलांनीच सांगितले. ठिबकाला दिवसाला दीड तास, वर्षातले २२० दिवस. पोरांनी पाटीवर मांडले, मग मोबाइलवरच्या तक्त्यात भरले. पाटावरच्याचे एक कोटी पंधरा लाख, ठिबकवरच्याचे साठ लाखांना थोडे कमी. एकूण पावणेदोन कोटी.

कारभारणीने आधीचे वाक्य स्वतः खोडले आणि खाली नवे आकडे लिहिले. वडील बराच वेळ तक्त्याकडे बघत होते. दोन एकर आणि दोन एकर, जमीन एकच, बांध एकच, आणि पाणी दुपटीला टेकलेले. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते असे नाही. ठिबकवाल्या दुकानदाराने, कृषी सहायकाने किती वेळा सांगितले असेल. पण स्वतःच्या मोटरीचे, स्वतः सांगितलेल्या तासांचे ते आकडे होते.

त्यांनी ऊस मोडला का? नाही. कारखान्याला नोंद दिलेली होती, आणि उसाला जसा ठरलेला भाव आहे तसा कांद्याला आहे कुठे, हा त्यांचा प्रश्न पोरांनाही सोडवता आला नाही. बाईंनी तो तसाच तक्त्याच्या तळाशी लिहून ठेवला. पाटावरचे दोन एकर पुढच्या लागणीला ठिबकवर घेतो म्हणाले आहेत. घेतात का बघू.

एक गोष्ट मला खटकली तीही सांगतो. घरातल्या माणसाची पिके, जमीन, कर्ज हे असे भिंतीवर टांगणे बरे नाही. बाईंनाही ते नंतर पटले. पुढच्या साली नाव न घालता 'क्रमांक सातची विहीर' असे लिहायचे ठरले, आणि कोणाचे फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायचे नाहीत असेही. मुलाला दुसऱ्याची बाजू घ्यायला शिकवताना त्याला घरात परके करून चालणार नाही.

गुण कसे दिले, असे मी बाईंना विचारले. म्हणाल्या, तक्ता सुंदर काढला त्याला थोडे, आणि आपला आकडा चुकला हे कळल्यावर तो दुरुस्त केला त्याला जास्त. जमीन नसलेल्या त्या पोराने उसाच्या बागायतदाराची बाजू इतकी चोख मांडली, की सरपंच त्याला वकील म्हणूनच हाक मारतात.

तर बहिणी, तुमच्या साहेबाला डबा द्या. सरळ कडांचा, तळ सपाट असलेला. झाडापासून, वळचणीपासून लांब मोकळ्यात ठेवायला सांगा, कोंबड्या पाडतील म्हणून बाजूने तीन विटा लावा. सकाळी साडेआठला त्याच्याबरोबर एकदा तुम्हीही वाकून पाहा. मोबाइल मालक रानातून आल्यावर दहा मिनिटे, तोही ओसरीवर सगळ्यांसमोर. आणि शाळेत जाऊन एवढे विचारा, की पोराने मोजलेला पाऊस शेवटी कोण वाचणार आहे. 'कोणी नाही' असे उत्तर आले, तर मला पुन्हा लिहा.

शाळेच्या गणवेशाबद्दल तिघांची पत्रे आली आहेत, त्यांना पुढच्या अंकी लिहितो.